बिरदेव तात्यांनी बंदूक का जमा केली

आमच्या बँकेच्या बारामती शाखेत शिरलं की उजव्या कोपऱ्यात एक लोखंडी खुर्ची होती. तिच्यावर बिरदेव तात्या बसायचे. बँकेचे गनमन. वय अठ्ठावन्न, अंगानं सडसडीत, पांढऱ्या मिशा बारीक कातरलेल्या, निळा शर्ट घरीच इस्त्री केलेला. बारा बोअरची दुनळी बंदूक दोन गुडघ्यांच्या मध्ये उभी, नळी छताकडे, डावा हात नळीवर.

मी सासवडहून बदली होऊन आले आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की ही खुर्ची भलत्या जागी आहे. दार डावीकडे, पंखा डावीकडे, लोकांची ये-जा डावीकडे आणि राखणदार उजव्या कोपऱ्यात, जिथे दुपारनंतर ऊन थेट तोंडावर येतं. मला नको त्या गोष्टी विचारायची सवय आहे. जेवणाच्या सुट्टीत विचारलंच.

"तात्या, खुर्ची पंख्याखाली का घेत नाही?"

त्यांनी बोट वर केलं. "म्याडम, त्या अंगाला वर क्लास भरतोय. पोरं बसत्यात बाकांवर. ह्या कोपऱ्याच्या वर पान्याची टाकी हाय. बंदुकीचं तोंड वर ठिवायचं म्हणल्यावर वर काय हाय ते बघाय नको?"

मी जिना चढून खरंच बघून आले. टाकी होती. हजार लिटरची, काळी.

त्या दिवसापासून मी या माणसाकडे बघायला लागले. माझं टेबल त्यांच्या समोरच होतं, त्यामुळे वेगळं काही करावं लागत नव्हतं. सकाळी दहा ते दुपारी एक ते चहा घेत नसत. कारण चहा घेतला की लघवीला जावं लागतं, आणि लघवीला जायचं तर बंदूक कुणाकडे द्यायची? एकदा मॅनेजरसाहेबांनी दिलदारपणे हात पुढे केला, "द्या तात्या, दोन मिनिटं मी धरतो." तात्या म्हणाले, "साहेब, तुमच्या नावावर परवाना न्हाय." आणि बसून राहिले. साहेबांचा हात तसाच राहिला, मग त्यांनी त्याच हातानं केस सारखे केले.

लहान मूल जवळ आलं की ते उठून उभे राहायचे आणि बंदूक मुलाच्या विरुद्ध खांद्याला घ्यायचे. मुलाशी गप्पा चालू, गोळीही द्यायचे खिशातली, लिंबाच्या चवीची. पण बंदूक पलीकडे.

"तात्या, ही भरलेली असते का हो?" मी विचारलं होतं.

"तुमी भरलेलीच धरून चालायचं."

"पण आहे का?"

"मी रिकामी हाय म्हणलं तरी तुमी भरलेलीच धरायची. म्हंजे मग माझ्या सांगन्यावर तुमचा जीव राहत न्हाय."

उत्तर काही मिळालं नाही. पुढे कित्येक महिने मिळालं नाही.

एकदा एक बडे बागायतदार आले होते. त्यांच्या मुलाचं लग्न होतं. ते तात्यांच्या शेजारी उभे राहून म्हणाले, "आमच्या वरातीला या की. दोन बार काढा हवेत. मानपान बघू."

तात्या हात जोडून म्हणाले, "वरातीला येतो. जेवायला येतो. ही येनार न्हाय."

"अहो हवेतच काढायचेत!"

"हवेत गेल्यालं परत येतंच मालक. कुठं येतंय ते मला सांगता यायला पायजे. मला येत न्हाय."

बागायतदार हसत हसत गेले, पण जाताना मॅनेजरच्या केबिनमध्ये जरा जास्तच वेळ बसले.

तात्या इंदापूर तालुक्यातल्या कळसचे. बाप मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचा, पावसाच्या तोंडाला परत. तात्या नववीत असताना बापानं मेंढरं विकली, पाट आला होता त्या पाण्यावर ऊस लावला. थोरला बिरदेव सैन्यात गेला, धाकटा मल्हार शेतीत राहिला. सतरा वर्षांनी बिरदेव नाईक म्हणून निवृत्त होऊन आले, तेव्हा हातात येत होतं ते एकच काम होतं. त्यांनी परवान्याला अर्ज केला.

ती चौकशीची गोष्ट ते रंगवून सांगायचे. गावात हवालदार आला, शेजाऱ्यांना विचारून गेला, मग ठाण्यात बोलावलं. साहेबांनी विचारलं, तुम्हाला कुणापासून धोका आहे?

"मी म्हणलं, कुनापास्नं न्हाय. नोकरीसाठी पायजे. साहेब म्हणलं, अहो असं लिवता येत न्हाय, कागदावर स्वसंरक्षणासाठी असं यावं लागतंय. मी म्हणलं, मग लिवा." इथे ते थांबायचे आणि मिशीवरून बोट फिरवायचे. "मी घरी येऊन लई दिवस इचार केला म्याडम. स्वतःचं संरक्षन. पन कुनापास्नं?"

मी म्हणायचे, "चोरापासून."

"व्हय, तसंच आसंल," ते म्हणायचे. पण त्यांना ते पटल्यासारखं वाटायचं नाही.

रोज कळसहून मोटारसायकलवर यायचे, पाठीला कापडी खोळीत बंदूक. जाताना वाटेत कुठेही थांबायचे नाहीत. चहाच्या टपरीवर नाही, पाहुण्यांकडे नाही. एकदा त्यांची बायको भागूबाई काही कामानं शाखेत आली होती, ती मला म्हणाली, "ताई, ह्यास्नी येताना भाजी आना म्हणलं तर म्हणत्यात, बंदूक हाय संगं. मंडईत बंदूक घिऊन शिरू का? बारामतीला रोज जात्यात आन् आमी पावट्याच्या शेंगा खातोय." घरातल्या एकुलत्या एका लोखंडी कपाटात बंदूक, तीही तीन तुकडे करून. काडतुसं दुसऱ्या खोलीत पत्र्याच्या पेटीत. दोन्ही किल्ल्या तात्यांच्या कमरेच्या करदोट्याला. भागूबाईचं सणावाराचं सोन्याचं मंगळसूत्र मात्र खिडकीतल्या खिळ्याला. "माझ्या सोन्याला खिळा आन् ह्येंच्या लोखंडाला कपाट," ती म्हणाली. तात्या कोपऱ्यातून म्हणाले, "सोनं गेलं तर आपलंच जातंय."

जत्रेतसुद्धा दारू घेत नसत. सैन्यात घ्यायचे, म्हणाले, पण बंदूक स्वतःच्या नावावर झाल्यापासून सोडली. दोन वर्षांपूर्वी उसात बिबट्या दिसला तेव्हा गावातली मंडळी त्यांच्या दारात जमली होती. तात्यांनी वनखात्याला फोन लावला आणि पिंजरा येईपर्यंत सगळ्यांना घुंगरू लावलेल्या काठ्या घेऊन फिरायला सांगितलं. तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, "बंदूक काय पुजायला ठिवलीय का?" हे त्यांनीच मला सांगितलं, हसत. पण लक्षात ठेवलं होतं एवढं खरं.

मग फेब्रुवारीतल्या एका सोमवारी तात्या बंदुकीशिवाय आले.

ऊसतोड ऐन भरात होती, रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग होती, मलाही उशीर झाला होता. आत आले तर कोपऱ्यातली खुर्ची रिकामी आणि तात्या ग्राहकांच्या बाकावर, टोपी मांडीवर घेऊन. मला वाटलं बरं नसेल. साहेब आल्यावर ते केबिनमध्ये गेले, दार उघडंच होतं.

"साहेब, बंदूक मी ठान्यात जमा केली. शनिवारी. ही पावती. एजन्सीला सांगून दुसरा मानूस मागवा."

"म्हणजे? निवडणूक लागली का, जमा करायला?"

"न्हाय."

"परवाना संपला?"

"अजून दीड वरीस हाय."

"मग?"

"सांगन्यासारखं न्हाय साहेब. पन बंदुकीबिगर मी गनमन न्हाय, एवढं मला कळतंय."

साहेबांनी पावती उलटसुलट करून पाहिली. तात्यांनी ती परत घेतली, घडी करून खिशात ठेवली, सगळ्यांना नमस्कार केला आणि गेले. आमच्या शाखेतली नऊ वर्षांची नोकरी. पाच मिनिटंही लागली नाहीत.

दिवसभर शाखेत दुसरा विषय नव्हता. शिपाई म्हणाला, नक्की घरात गोळी सुटली असणार, झाकतायत. कॅशियर म्हणाला, कुणीतरी तक्रार केली असेल, पोलिसांनी ओढून नेली. साहेबांचं म्हणणं, तात्या थकले, बाकी काही नाही. मला तिन्ही पटेनात. पोलिसांनी ओढून नेली असती तर तात्यांनी तसं सांगितलं असतं. गोळी सुटली असती तर ते पावती दाखवत आले नसते. आणि थकलेला माणूस परवान्याचं दीड वर्ष शिल्लक असल्याचं इतक्या ताठ मानेनं सांगत नाही.

दोन दिवसांनी नवा गनमन आला. त्यानं पहिल्या तासातच खुर्ची पंख्याखाली ओढली. मी वरच्या क्लासचा आवाज ऐकत बसले. कामात लक्ष लागेना.

तीन आठवड्यांनी कळसच्या शिवारात बँकेनं कर्ज दिलेल्या एका शेततळ्याची पाहणी निघाली. ते काम दुसऱ्याचं होतं, मी मागून घेतलं. पाहणी अर्ध्या तासात उरकली आणि मी विचारत विचारत तात्यांच्या वस्तीवर गेले.

पाटाच्या कडेला तीन खोल्यांचं घर. भागूबाई गोठ्यापुढे कडबा तोडत होती. मला बघून तिनं हात पुसले, पदर सारखा केला, तेव्हा तिच्या उजव्या कोपराला वीतभर खरचटल्याची काळी खपली दिसली.

"हे काय झालं?" मी विचारलं.

"ह्यास्नीच इचारा. मी सांगितलं तर माझंच खरं करून सांगीन," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

तात्या ओट्यावर बसले होते. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "तुमी येनार हे मला म्हाईत हुतं. खुर्चीचं इचारनारं मानूस हे इचारल्याबिगर ऱ्हानार न्हाय."

आणि त्यांनी सांगितलं.

मल्हारचं आणि त्यांचं रान लागून. मधला बांध बापानं घातलेला. त्या शनिवारी मल्हारनं ऊस गेलेल्या वावरात ट्रॅक्टरनं नांगरट काढली आणि नांगराचा फाळ बांधावर घेतला. बांध हातभर तात्यांच्या रानात आला. वर तात्यांच्या ठिबकच्या नळ्या तुटल्या. भागूबाई ओरडत धावली, ट्रॅक्टरपुढे उभी राहिली. मल्हार खाली उतरला. शब्दाला शब्द लागला आणि त्यानं तिला हातानं बाजूला केलं. बाजूला केलं म्हणजे ढकललं. ती पाण्याच्या चारीत पडली.

"त्यो म्हणतोय हात लागला. ही म्हणतीय ढकललं. मी तितं न्हवतो. मी दुपारी तीनला आलो, तवा ही हितंच ओट्यावर बसली हुती. लुगडं चिखलानं भरल्यालं, कोपरातनं रगात. काय झालं म्हणलं तर बोलंना. मग रानाकडं बोट केलं."

बंदूक तेव्हा त्यांच्या पाठीलाच होती. रोजच्यासारखी. ते सरळ आत गेले. बंदूक खोळीतून काढली, उघडली, दोन्ही नळ्यांत बघितलं, रिकामी. तुकडे केले, कपाटात ठेवले, कुलूप लावलं. रोजच्यासारखंच सगळं.

"मग मी बाहीर याचं, का न्हाय? पन मी दुसऱ्या खोलीत गेलो. पत्र्याच्या पेटीपाशी. किल्ली हातात हुती. ती कवा करदोट्यास्नं काडली ते मला आठवत न्हाय म्याडम."

 आतून स्टोव्हचा आवाज येत होता.

"काय करणार होता तुम्ही?" मी विचारलं.

"तेच तर. मला ठाव न्हाय. काय करनार न्हवतो असं म्हणायला मला आवडंल. पन तसं म्हणता येत न्हाय. हात माझाच हुता."

किती वेळ तसे उभे होते ते त्यांना सांगता आलं नाही. भागूबाई दारात आली, तिनं किल्ली पाहिली. ती ओरडली नाही, रडली नाही. तिनं विचारलं, "चहा करू का?" तात्या म्हणाले, "नको. चप्पल घाल. ठान्यात जायचंय." तिला वाटलं मल्हारविरुद्ध तक्रार द्यायला. तात्या म्हणाले, "माझ्याइरुद्ध."

काडतुसांची पेटी त्यांनी उघडली आणि सगळी काडतुसं एका कापडी पिशवीत घालून भागूबाईच्या हातात दिली. बंदूक खोळीत घालून मोटारसायकलला पुढे आडवी बांधली. तिला मागे बसवलं आणि सांगितलं, ही पिशवी मांडीवर धर, मी मागितली तरी देऊ नको, थांबलो तरी देऊ नको.

आता अडचण एकच होती. गावातून डांबरी रस्त्याला लागायचं तर वाट मल्हारच्या दारावरून होती. मल्हार दारात बसलेला असणार. तात्यांनी गाडी उलटी फिरवली आणि पाटाच्या कच्च्या वाटेनं घातली, चार किलोमीटर लांबून. एव्हाना भागूबाई चहा घेऊन ओट्यावर आली होती, ती म्हणाली, "सगळी हाडं खिळखिळी झाली माझी. एक कोपर दुखत हुतं, मग धा जागी दुखाय लागलं. पन पिशवी सोडली न्हाय मी."

ठाण्यात एक तरुण फौजदार बाई होत्या. त्यांनी परवाना पाहिला, बंदूक पाहिली, आणि विचारलं, "कुणी तक्रार केलीय का तुमच्यावर?"

"न्हाय."

"मग जमा कशासाठी?"

"माझं डोकं ठिकानावर न्हाय म्याडम."

बाईंनी पेन खाली ठेवलं. भागूबाईच्या कोपराकडे पाहिलं. "कुणावर राग आहे?"

"भावावर."

"त्यांनी मारलं का यांना? तक्रार घेऊ?"

ह्यावर भागूबाईच बोलली. "आज नगं. आज ह्येंचं बगा. माझं मी सावकाश बगीन."

बाई पावती लिहायला लागल्या. कारण या शब्दापाशी थांबल्या. तात्या म्हणाले, "राग लिवा."

"तात्या, असं लिहिलं तर बंदूक परत मिळायला त्रास होईल तुम्हाला."

"त्रासच व्हाया पायजे."

बाईंनी लिहिलं, 'परवानाधारकाच्या स्वतःच्या विनंतीवरून.' मग त्यांनी दोघांना पाणी दिलं आणि भागूबाईच्या कोपराला औषध लावून घ्यायला सरकारी दवाखान्यात पाठवलं.

मी पावती मागून पाहिली. खरंच तसंच लिहिलं होतं, गोलाकार अक्षरात.

"मग मल्हारचं काय केलंत?" मी विचारलं.

तात्या पहिल्यांदा हसले. "रविवारी सकाळी गेलो की त्येच्या दारात. हात मोकळं हुतं म्हनून जाता आलं. शिव्या दिल्या. त्येनं दिल्या. मग आमी एकमेकाची गचांडी धरली. दोन म्हातारं, नांगरल्याल्या रानात लोळलो म्याडम! त्येचा शर्ट फाटला, माझा दात हालला. लोकं सोडवाय आली तवा आमालाच दम लागल्याला."

"ह्यास्नी पाठीला तेल लावता लावता माझं कोपर परत दुखाय लागलं," भागूबाई म्हणाली.

त्यानंतर तात्यांनी सरकारी मोजणीचा अर्ज टाकला. मोजणी यायला उन्हाळा सरला. तोवर दोघा भावांत बोलणं नव्हतं. मल्हारची बायको एकदा येऊन भागूबाईच्या पायाला हात लावून गेली. भागूबाईनं तिला बसायला पोतं दिलं, चहा दिला, पण माफीचा शब्द दिला नाही. अजूनही पुरता दिलेला नाही, असं ती म्हणते, आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही.

मोजणीवाले यंत्र घेऊन आले त्या दिवशी मी नव्हते. पण निकाल तात्यांनी मला फोन करून सांगितला. त्यांचा मला आलेला तो पहिलाच फोन.

"म्याडम, बांध मुळातच वाकडा हुता. बापानं डोळ्यानं घातल्याला. विहिरीच्या अंगाला आमी मल्हारच्या रानात दीड हात. पाटाच्या अंगाला त्यो आमच्यात हातभर." मग म्हणाले, "त्यानं नांगर घातला तितं, विहिरीच्या अंगाला, ती जमीन त्येचीच निगाली. ढकलायचा त्येला अधिकार न्हवता, ते येगळं. पन जमीन त्येची हुती."

"मग तुम्हाला काय वाटलं?"

"म्या खाली बसलो. यंत्रवाल्याला वाटलं ऊन लागलं."

दगड नव्या जागी रोवले गेले. त्या वेळी मल्हार म्हणे पलीकडून पहार धरायला आला आणि भागूबाईकडे न बघता, खाली बघत, "वैनी, चुकलं," एवढं म्हणाला. ठिबकच्या नळ्या त्यानंच नव्या आणून टाकल्या.

तात्या सात-आठ महिने घरी होते. मोटारसायकल तीच, रस्ता तोच, पण आता ते बारामतीच्या मंडईत थांबू शकत होते. भागूबाईचं त्या काळाबद्दल काही वाईट मत नाही. त्यांना मात्र सुनं सुनं वाटायचं. पाठीला ओझं नाही म्हणून चालताना तोल जातो, असं मला एकदा म्हणाले.

दसऱ्यानंतर ते ठाण्यात गेले. त्याच फौजदार बाई होत्या. त्यांनी विचारलं, "राग गेला का तात्या?"

"गेला असं म्हणवत न्हाय. पन आता येताना वळखू येतोय."

बाईंनी तेवढ्यावर दिली नाही. गावात माणूस पाठवून मल्हारशी बोलून घेतलं, मोजणीचा कागद पाहिला, आणि मग पंधरा दिवसांनी बंदूक दिली. तात्यांना हे फार आवडलं. "चांगली बाई हाय," म्हणाले. "लगीच दिली असती तर मला बरं वाटलं नसतं."

बँकेतली जागा अर्थातच भरली होती. पण कन्हेरीच्या बाजूला एका निवृत्त सुभेदारांनी नेमबाजीचं केंद्र काढलंय. परवान्याला अर्ज करणाऱ्यांना आता हत्यार सुरक्षित हाताळायचं शिकल्याचा दाखला लागतो. सुभेदारसाहेबांना शिकवायला माणूस हवा होता. तात्या आठवड्यातून तीन दिवस तिथे जातात.

मी एका रविवारी सकाळी बघायला गेले. मातीचा उंच बांध, त्यापुढे लाकडी चौकटी, पत्र्याची शेड, खुर्च्या. त्या दिवशी शिकायला एकच व्यक्ती होती. डॉक्टर सोनम, इंदापूर रस्त्याला त्यांचा छोटा दवाखाना. एक रुग्ण दगावल्यावर नातेवाइकांनी काचा फोडल्या होत्या आणि त्यानंतर धमकीचे फोन येत होते. त्यांनी अर्ज केला होता.

ही त्यांची दुसरी खेप होती. पहिल्या खेपेला काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं. तात्या प्रत्येकाला आधी एक प्रश्न विचारतात. तुमचा सगळ्यात जास्त राग कुणावर आहे, आणि तो माणूस तुमच्यापासून किती लांब राहतो?

"मी म्हटलं, त्या फोन करणाऱ्यांवर," डॉक्टर म्हणाल्या. "तर हे म्हणाले, त्यांची तुम्हाला भीती हाय. राग इचारतोय मी."

"मग?"

"मग मी विषय बदलायला बघितलं. कारण तो माणूस आमच्याच घरात राहतो. वरच्या मजल्यावर. माझा दीर." त्या गॉगलची काच पुसत होत्या, बराच वेळ पुसत राहिल्या. "तात्यांनी फॉर्म मिटला आणि म्हणाले, महिनाभर इचार करा. मला इतका राग आला यांचा! म्हटलं धोका मला आहे आणि हा माणूस मलाच प्रश्न विचारतो."

त्या पाच आठवड्यांनी परत आल्या होत्या. तात्या शेडमधून आले, समोर उभे राहिले. मी खुर्ची पुढे सरकवली.

"इचार झाला?"

"झाला. दिराशी बोलले. भांडणच झालं, पण बोलले. घराच्या वाटण्यांचं आहे, ते एका भांडणात मिटायचं नाही."

"म्हंजे राग हाय."

"आहे. आणि फोनही अजून येतायत. दोन्ही आहे तात्या. मग मी करू काय? राग वाढतोय असं वाटलं तर मी इथे आणून ठेवीन तुमच्याकडे."

"माझ्याकडं न्हाय. ठान्यात," तात्या म्हणाले. "आन् पावती घ्यायची. पावतीबिगर यायचं न्हाय."

"बरं."

"किल्ली कुनाकडं?"

"माझ्याकडेच. गळ्यात."

"दवाखान्यात पेशंट तपासताना बंदूक कुठं असनार?"

 ह्याचा विचार डॉक्टरांनी केला नव्हता. टेबलाच्या खणात, त्या म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, नाही, खणात नाही, नर्स उघडते.  तात्यांनी घाई केली नाही. झाडावर कावळे भांडत होते. पाच मिनिटांनी डॉक्टर म्हणाल्या, "मला तिथे भिंतीत कपाट बसवून घ्यावं लागेल. आधी."

"आधी," तात्या म्हणाले. त्यांनी मेजावरची दुनळी उचलली, उघडली, नळ्यांत डोळ्यानं बघितलं, मग बोट घालून बघितलं, आणि उघडीच डॉक्टरांच्या हातात दिली. "आता तुमी बगा. मी बगितलंय म्हनून बगायचं सोडायचं न्हाय. बोट चापापास्नं लांब. हां. मिटा. परत उगडा."

उघड, बघ, मीट. उघड, बघ, मीट. सकाळचं ऊन वर येत होतं. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. पंचवीस-तीस वेळा झालं असेल. काडतूस अजून कुणी पाहिलंही नव्हतं.

माझ्यानं राहवेना. मी उठून मेजापाशी गेले. "तात्या, मी एकदा धरून बघू? नुसतं वजन कळायला."

त्यांनी मान वळवली नाही. डोळे डॉक्टरांच्या बोटांवर होते.

"तुमी शिकाय नाव घातल्यालं न्हाय म्याडम. लांबनं बगा."

मी दोन पावलं मागे सरकले आणि लांबून बघत उभी राहिले.